दुसऱ्या प्रश्नावर फोन ठेवा

शनिवार, २ जानेवारी

एका माणसाचं मत मिळवायला खरा खर्च किती, ते एकदाचं मांडून ठेवतो. मंगळवारी बोस्टनचा टीव्हीवाला येतोय, तेव्हा तोंडात आकडे हवेत.

फोन लावले एकशे तेरा. ब्याऐंशी उचललेच नाहीत. उरले एकतीस. त्यातल्या अकरा जणांनी 'सर्व्हे' हा शब्द ऐकताच आपटला. सहा जणांनी शिव्या दिल्या, पैकी दोघांनी फ्रेंचमध्ये. पाच ठिकाणी कळलं की आपण ज्यांना विचारतोय ते वारलेत. चौघे 'एक मिनिट हं' म्हणून फोन चुलीशेजारी ठेवून विसरून गेले. तिघांनी उलट आम्हालाच काहीतरी विकायचा प्रयत्न केला. एकाने फोन करणाऱ्या ऑलिव्हिनला लग्नाचं विचारलं. उरला एक. त्याने चोवीसच्या चोवीस उत्तरं दिली, कारण तो सत्त्याहत्तर वर्षांचा आहे आणि मांजर सोडून त्याच्याशी कोणी बोलत नाही. एकूण चौतीस डॉलर, सत्तर मिनिटं आणि ऑलिव्हिनचा घसा.

पेपरवाले यालाच जनतेचा कौल म्हणतात.

नव्या वर्षाचा संकल्प : लोकांवर वैतागायचं नाही. ते कच्चा माल आहेत. चामड्यावर कोणी वैतागतं का?

मंगळवार, ५ जानेवारी

टीव्हीवाला मसारो येऊन गेला. न्यू हॅम्पशरमध्ये जानेवारीत पातळ तळाचे इटालियन बूट घालून आला, यावरूनच माणूस कळला. जिन्यात दोनदा घसरला.

काम असं : ९ फेब्रुवारीच्या प्रायमरीचा शेवटचा अंदाज आम्ही द्यायचा. आमच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी पहिली मोठी लढत, सगळ्या देशाचं लक्ष. अंदाज तीन टक्क्यांच्या आत बरोबर आला, तर पुढच्या सगळ्या राज्यांचं काम नोव्हेंबरपर्यंत आमचं. नाही आला तर ते बोस्टनच्या एका इंटरनेटवाल्या कंपनीकडे जाणार. तिथे माणसं नसतातच, पडद्यावर चौकोन दाबतात.

ऑलिव्हिनने चहा आणता आणता सगळं ऐकलं. ऑलिव्हिन ब्युलियू माझ्या फोनघराची मुकादम. एकोणीस वर्षं इथे, त्याआधी बुटांच्या कारखान्यात शिलाईवर. मसारो गेल्यावर म्हणाली, नॉर्मंड, हे गेलं तर आमचं काय? मी म्हटलं, जाईल कसं? ती म्हणाली, जाईल कसं ते नाही विचारलं, गेलं तर काय ते विचारलं. तिच्यासकट बाराजणींचा आरोग्य विमा माझ्या फर्मवर आहे. तिचा नवरा रोलाँ हृदयाच्या गोळ्यांवर आहे, आणि त्या गोळ्या फर्मच्या विम्यावर. मी तिला हसून सांगितलं, पाच प्रायमऱ्या, पाचही विजेते बरोबर. रोलाँला म्हणावं, गोळी घे आणि झोप.

मसारोचा एकच प्रश्न बरा होता. बिनपक्षाच्या मतदारांचं काय करता?

या राज्यात दहातले चार मतदार कुठल्याच पक्षात नाव घालत नाहीत. प्रायमरीच्या दिवशी येतात, दोन्ही पक्षांपैकी वाटेल त्याची मतपत्रिका मागून घेतात, खूण करतात, आणि बाहेर पडताना दाराजवळच्या टेबलावर एका कार्डावर सही करून पुन्हा बिनपक्षाचे होतात. पाच मिनिटांचं लग्न आणि दारातच काडीमोड. मी यांना तळ्यात-मळ्यातवाले म्हणतो.

मसारोला म्हटलं, यंदा दुसऱ्या पक्षात पाच उमेदवारांची मारामारी आहे. तमाशा तिकडे, गर्दी तिकडे. आमच्याकडे गव्हर्नर प्रेस्कॉट आणि ती टिडवेलबाई, बाकी किरकोळ नावं; दोघांत निकाल लागल्यातच जमा. सबब माझा नियम साधा. पहिला प्रश्न : मत देणार का? दुसरा : कोणत्या पक्षाची मतपत्रिका घेणार? 'अजून ठरलं नाही' म्हणाला की आभार मानायचे आणि फोन ठेवायचा. ज्याला पक्ष ठरवता येत नाही त्याच्याकडून राष्ट्राध्यक्ष काय ठरवून घ्यायचा?

तो म्हणाला, पेलेटिएसाहेब, यात धोका नाही ना? मी म्हटलं, मसारो, मी सोळाव्या वर्षी कारखान्यात लागलो, विसाव्या वर्षी दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकले. दारामागच्या पावलांवरून सांगायचो, घेणार की हाकलणार. आमच्या घरात तळ्यात-मळ्यात नाही. बापाचा एक पक्ष, एक चर्च, एक बायको. मीही अठराव्या वर्षी पक्षाच्या यादीत नाव घातलं ते घातलं.

त्याला पटलं. घसरत खाली गेला.

शनिवार, ९ जानेवारी

सकाळी कचरा टाकायला. आमच्या गावात कचऱ्याची गाडी येत नाही, ज्याने त्याने आपापला कचरा शनिवारी डेपोवर न्यायचा. त्यामुळे अख्खं गाव तिथे भेटतं, आणि त्यामुळे देशाचं राज्य करू पाहणारे लोकही तिथेच येऊन उभे राहतात.

गव्हर्नर प्रेस्कॉट पुठ्ठ्यांच्या ढिगाशेजारी उभे होते. नवेकोरे गमबूट, टाचेवर किमतीची चिठ्ठी. हात मिळवला. उकडलेल्या माशासारखा हात, पण पकड राष्ट्राध्यक्षाची.

सेनेटर टिडवेल काचेच्या पिंपाजवळ. कॅन्ससची बाई, आधी शाळेत मुख्याध्यापिका. डेपोवरचा अर्ल तिला हिरवी काच कुठे नि तपकिरी कुठे ते शिकवत होता, आणि ती शिकत होती. लोकांच्या हातातून बाटल्या घेऊन टाकत होती. कसली हौस! मतं मागायला आलीस की भंगार वेचायला?

अर्ल म्हणाला, अरे नॉर्मंड, माझा हिशेब सांगू? टिडवेल. मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, प्रेस्कॉटशी हात मिळवून लोक गाडीकडे जातात. हिच्याशी बोलायला लोक रिकामी गाडी घेऊन परत येतात.

बत्तीस वर्षं कचऱ्यात घालवल्यावर माणूस असंच बोलणार. अर्लचं सॅम्पल म्हणजे ज्यांच्या घरी कचरा होतो ते.

मंगळवार, १२ जानेवारी. संध्या. ८.२०

फोन सुरू. पाच ते आठ, म्हणजे ऐन जेवणाची वेळ. तोंडात घास असलेला माणूस खोटं बोलत नाही, हा माझा शोध.

एकशे सत्तर जण मत देणार म्हणाले. पैकी एकोणसाठ दुसऱ्या प्रश्नावर गळाले. 'बघू', 'त्या दिवशी ठरवू', 'तुम्हाला कशाला सांगू', 'माझं मी बघीन'. एक म्हातारी म्हणाली, पोरी, माझ्या नवऱ्यालाही नाही सांगितलं, आणि त्याला मरून नऊ वर्षं झाली.

ऑलिव्हिन म्हणाली, नॉर्मंड, एक गंमत बघ. पक्षवाले चटचट उत्तरं देऊन फोन ठेवतात. आणि हे गळणारे फोन ठेवतच नाहीत. त्या म्हातारीने मला खिम्याच्या पाईत लवंग किती घालायची तेही सांगितलं. त्यांना बोलायचंय रे. तिसरा प्रश्न विचारून तर बघू.

मी मोठ्या अक्षरात कागद लिहून भिंतीवर लावला : दुसऱ्या प्रश्नावर फोन ठेवा.

लवंग दोनच घालायची, हे मात्र बरोबर.

शुक्रवार, १५ जानेवारी

तिशीच्या आतले पुरुष चार दिवसांत तीन मिळाले. मतदारांत त्यांचा वाटा मोठा, म्हणून वजन देऊन प्रत्येकाला सात जण धरतो. एक जण बर्फावर घसरायला येणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या झुल्याचा ऑपरेटर आहे. प्रत्येक उत्तराला 'चालेल' म्हणाला. प्रेस्कॉट? चालेल. टिडवेल? चालेल. मग प्रेस्कॉट आधी म्हणाला म्हणून प्रेस्कॉट धरला. एकटा माणूस, सात मतं, आणि बोलताना चिप्स खात होता.

पासष्टच्या वरच्या बायका मात्र उतू जातायत. त्यांना अर्धं-अर्धं धरलंय. ऑलिव्हिन बासष्टची. म्हणाली, म्हणजे मी तीन वर्षांनी अर्धी होणार का? मी म्हटलं, शास्त्र आहे बाई. ती म्हणाली, शास्त्राला म्हणावं, जिना मी पूर्णच चढते.

रविवार, १७ जानेवारी

जेवताना लुसीलला सहज विचारलं, तू कोणाला देणार? ती म्हणाली, बघू. मी म्हटलं, बघू म्हणजे? ती म्हणाली, बघू म्हणजे बघू, बटाटे घे.

छत्तीस वर्षांचा संसार आहे. हे 'बघू' प्रेस्कॉटचंच होतं. हा कान उगाच नाही कमावला.

बुधवार, २० जानेवारी

त्या बोस्टनच्या इंटरनेटवाल्यांनी आकडा काढला : टिडवेल चारने पुढे. मसारोचा फोन. आवाजात घाम. म्हणाला, पेलेटिएसाहेब, तुमचे प्रेस्कॉट बारा टक्क्यांनी पुढे, यांची टिडवेल चारने पुढे, हे कसं काय? मी समजावलं, त्यांच्या पडद्यावर चौकोन कोण दाबतं? ज्याला काम नाही तो. माझ्याकडे घाम गाळून मिळवलेली माणसं आहेत. तो म्हणाला, पण त्यांनी बिनपक्षाचे लोक धरलेत. मी म्हटलं, मग झालंच तर. सापडली चूक.

त्याला हायसं वाटलं. लोकांना आकडा नको असतो, खात्रीने बोलणारा माणूस हवा असतो. व्हॅक्यूम क्लीनर मी असेच विकले. त्यातले निम्मे चालायचे.

शनिवार, २३ जानेवारी

कचरा. टिडवेल तिसऱ्यांदा. उणे अकरा तापमान, आणि ही बाई कोणाच्या तरी मोडक्या खुर्चीचं दुसरं टोक धरून उभी.

माझी वीस मिनिटं खाल्ली. मीच सांगत होतो म्हणा. कारखाना कसा बंद पडला, चामड्याचा वास हातातून जायला तीन वर्षं कशी लागली, आई बोटाला सुई टोचली तरी कशी थांबायची नाही. ती मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी एवढंच विचारलं, कुठल्या बोटाला? मी म्हटलं, डाव्या हाताच्या, मधल्या.

मतदाराला बोलू देणं हा नवशिक्या राजकारण्याचा दोष. प्रेस्कॉटने मागच्या शनिवारी चाळीस सेकंदांत आटोपलं होतं.

कचरा टाकायचा राहिलाच. गाडीत तसाच घरी आला. लुसील बोलली.

मंगळवार, २६ जानेवारी

ऑलिव्हिन हटून बसली. म्हणते, दुसऱ्या प्रश्नावर गळालेल्यांची नावं आम्ही लिहून ठेवली आहेत, चारशे बारा. त्यांना पुन्हा फोन करू दे. मी म्हटलं, खर्च? ती म्हणाली, रविवारी येतो, फुकट येतो, डोनट चर्चमधून आणतो. मी म्हटलं, प्रश्न डोनटचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, तत्त्व तुझं, विमा आमचा.

मी भिंतीवरच्या कागदाचा सुटलेला कोपरा पुन्हा चिकटवला.

रविवार, ३१ जानेवारी

दुपारी ऑफिसात चष्मा राहिला होता म्हणून गेलो. बाराच्या बाराजणी फोनवर. कोट घालूनच, कारण रविवारी हीटर बंद असतो. मला बघून कोणी थांबलं नाही. एकीने नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

मी चष्मा घेतला आणि आलो. ज्याचा त्याचा छंद.

सोमवार, १ फेब्रुवारी

टेबलावर कागद. ऑलिव्हिनचं अक्षर, शिलाईसारखं सरळ. चारशे बारांपैकी तीनशे पस्तीस सापडले. दोनशे अठ्ठ्याऐंशी आपल्या पक्षाची मतपत्रिका घेणार. त्यातले दोनशे एक टिडवेल.

खाली लिहिलं होतं : यांना धरलं तर टिडवेल दहाने पुढे. नॉर्मंड, बघ एकदा.

बघितलं. आकडेमोड चोख आहे, त्यात वाद नाही. पण ही माणसं तीन आठवड्यांपूर्वी 'ठरलं नाही' म्हणाली होती. आज ठरलं म्हणतात, उद्या काय म्हणतील? वाऱ्यावरच्या माणसांवर मी नाव पणाला लावायचं? आणि पाच वेळा बरोबर ठरलेला नियम कोणासाठी मोडायचा, तर लवंगा मोजणाऱ्या म्हातारीसाठी?

कागद कपाखाली ठेवला. चहाचं वर्तुळ बरोबर 'टिडवेल' वर उमटलं. शकुन मानत नाही, पण नोंद केली.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

जाहीर केलं. प्रेस्कॉट ४७, टिडवेल ३६. बोस्टनच्या स्टुडिओत. नवा टाय. तोंडाला पावडर लावणाऱ्या पोरीला सांगितलं, कान झाकू नकोस, सगळा धंदा त्यांच्यावर आहे.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, इतकी खात्री? मी म्हटलं, न्यू हॅम्पशरचा मतदार म्हणजे मी. माझ्यासारखाच, एकदा ठरवलं की ठरवलं. स्टुडिओतले सगळे हसले. छान गेलं.

घरी आल्यावर लुसील म्हणाली, टाय चांगला दिसला.

सोमवार, ८ फेब्रुवारी

मसारो कागद घेऊन बुधवारी येतोय. सहीचं पेन शोधून ठेवलं. बाराजणींसाठी खिम्याच्या सहा पाई सांगून ठेवल्या. ऑलिव्हिनला म्हटलं, बुधवारी तुला माफ करणार आहे. ती म्हणाली, बुधवारी बघू.

ही पण 'बघू'.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

सकाळी ७.१५. मतदान झालं. शाळेच्या जिममध्ये. दारातच पालकसंघाच्या बायकांची केक-बिस्किटांची विक्री. रांग बाहेर मैदानापर्यंत. माझी पाळी आली तशी गावची क्लार्क विनिफ्रेड स्टोक्स हिने तोंड उघडायच्या आत मी नाव आणि पक्ष दोन्ही सांगितलं. तिला त्रास नको. ती यादीत काहीतरी बघत होती, पण मागून कोणीतरी ओरडलं, नॉर्मंड, टीव्हीवर बोलून झालं ना, आता पुढे सरक. तिने मतपत्रिका दिली.

पडद्यामागे प्रेस्कॉटवर खूण करणार, तोच त्या माशासारख्या हाताची आठवण झाली. क्षणभर. टिडवेलबाईंना आता हरायचंच आहे तर गावातून एखादं मत जावं, माणुसकी म्हणून, असंही वाटलं. तिला दिलं. एका मताने आकडा काय हलणार?

बाहेर पडताना कार्डांच्या टेबलापाशी ही गर्दी. बिनपक्षाचे परत बिनपक्षाचे होण्यासाठी पेनांची वाट बघत उभे. मी मान वर करून बाजूने गेलो.

दुपारी ३.४०. बातमी : सात गावांत आपल्या पक्षाच्या मतपत्रिका संपल्या. झेरॉक्स काढून आणतायत. प्रेस्कॉटची लाट. मसारोला फोन केला. उचलला नाही. बिझी असेल.

संध्या. ७.०५. दुसऱ्या पक्षाच्या मतपत्रिकांचे गठ्ठे तसेच पडून म्हणे. पाच जणांची मारामारी बघायला कोणी गेलंच नाही. पत्रकारांना काही कळत नाही.

संध्या. ८.०२. टिडवेल ५०, प्रेस्कॉट ३८. मोजणीत कुठेतरी चूक आहे. लहान गावं आधी येतात.

संध्या. ९.१०. मोठीही आली.

बुधवार, १० फेब्रुवारी

मसारो आला नाही. फोन आला. अगदी सभ्यपणे बोलला, हेच वाईट. पेलेटिएसाहेब, तेवीस टक्क्यांचं अंतर आहे, वरच्यांना तोंड कसं दाखवू? मी म्हटलं, बर्फ. तो म्हणाला, काल ऊन होतं. मी म्हटलं, तरुण. तो म्हणाला, तुम्ही एका तरुणाचे सात केले होतेत ना? शेवटी म्हणाला, काम बोस्टनला देतोय, वाईट वाटून घेऊ नका.

सगळं पाहता चूक माझी नाही. लोकांनी दगा दिला. मी लोकांचा अंदाज घेतला, लोकांनी माझा घेतला नाही.

दुपारी ऑलिव्हिन आली. खुर्चीवर चढली आणि भिंतीवरचा कागद काढला. फाडला नाही, नीट घडी घालून कचऱ्याच्या पेटीत टाकला. मग एकच विचारलं, विमा कधीपर्यंत? मी म्हटलं, एकोणतीस फेब्रुवारी. ती म्हणाली, बरं. रोलाँच्या गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम मिळतात का, ते आजच विचारून बघते.

एक टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी टोमण्याची उत्तरं तयार ठेवली होती.

पाई आल्या. बाराजणींनी डबे आणले होते, घरी नेल्या. अर्धी पाई उरली. लवंग जास्त होती.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

डोकं शांत ठेवून विचार केला. हे प्रकरण पुराव्यानिशी मांडायचं. मतदानानंतर प्रत्येक गावची खुणा केलेली मतदार यादी कोणालाही बघता येते. उद्या आपल्याच गावची बघायची. तळ्यात-मळ्यातवाल्यांनी किती मतपत्रिका पळवल्या ते मोजायचं, आणि मसारोला पत्र : नियम बरोबर होता, मतदार चुकीचे होते. मजकूर मनात तयार आहे. त्याने फेरविचार केला तर ऑलिव्हिनला रविवारीसुद्धा हीटर चालू ठेवायला सांगेन.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

सकाळी दहा वाजता नगरसभेच्या कचेरीत गेलो. विनिफ्रेडने यादी समोर ठेवली. म्हणाली, नॉर्मंड, पेन्सिल वापर, शाई नको. आपल्या पक्षाची मतपत्रिका घेणारे एकूण अकराशे एकेचाळीस. नावापुढे मतदानाच्या आधीची नोंद असते : पक्ष, नाहीतर 'बिनपक्षाचा'. मी एकेक मोजत गेलो. 'ओ' पर्यंत चारशे अठरा बिनपक्षाचे. तिथवरच्या निम्म्याहून जास्त. पत्रात घालायला उत्तम आकडा.

मग 'प' आला.

विनिफ्रेडला म्हटलं, तुझ्या यादीत चूक आहे. ती म्हणाली, कुठे? मी बोट ठेवलं. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, ही चूक नाही. मंगळवारी तुला तेच सांगणार होते, तू बोलू कुठे दिलंस. मी म्हटलं, अठराव्या वर्षापासून मी पक्षात आहे. ती म्हणाली, होतास. आत गेली, मागच्या प्रायमरीची पेटी आणली, बोटाला थुंकी लावून कार्डं चाळली आणि एक काढून समोर ठेवलं.

मी म्हटलं, हे कोणीतरी भरलंय. ती म्हणाली, सही बघ. आणि मागे रांग नव्हती तरी पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी आल्यावर लुसीलला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, विसरलास? त्या वर्षी पक्षवाले देणगीसाठी रोज ऐन जेवणाच्या वेळी फोन करायचे. तू वैतागला होतास. मत देऊन बाहेर पडताना टेबलावर सही केलीस, आणि गाडीत म्हणालास, आता कोणी विचारलं तर सांगायचं, अजून ठरलं नाही.

पत्र लिहिलं नाही. कार्डावरची सही माझीच आहे. तारीख चार वर्षांपूर्वीची.